ताप डॉक्टरचा, उन्हाळी आईची

आमच्या घरात आजारांची वाटणी झालेली होती. ताप, खोकला, जुलाब, कान फुटणं हे डॉक्टरचं. मुरगळणं, नजर लागणं, जंत आणि उन्हाळी हे आईचं. डॉक्टरच्या वाट्याचं काही झालं की कॅम्प दोनच्या बाजारातल्या दवाखान्यात जायचं, बाकावर बसायचं, आणि कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीतून लाल औषध घेऊन यायचं. आईच्या वाट्याचं काही झालं तर उंबरा ओलांडायचं कारणच नव्हतं. उन्हाळी म्हणजे लघवीला आग होणं, थेंब थेंब होणं, सारखं जावंसं वाटणं. आज माझी सून त्याला यूटीआय म्हणते आणि फोनवरून लॅबवाल्याला घरी बोलावते. आमच्याकडे आई रात्री पितळी पातेल्यात धणे-जिरे भिजत घालायची, सकाळी ते पाणी खडीसाखर घालून पाजायची, बेंबीत एरंडेलाचा थेंब सोडायची आणि टाळूवर खोबरेल थापायची. दोन-तीन दिवसांत आग थांबायची. आई म्हणायची, "बघ, पळाली." आम्हालाही ती पळताना दिसायची, इतका आमचा आईवर विश्वास होता.

आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो, एसटी डेपोच्या बाजूला, पुढे सामाईक गॅलरी आणि मागे सामाईक संडास असलेल्या चाळीत. अण्णा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचे. त्यांच्या शर्टाला एक आंबूस वास असायचा, तो साबणानं जात नसे. मला तो वास म्हणजे अण्णांचाच वाटायचा आणि अजूनही कुठे आला तर मी मान वळवते. आई घरबसल्या फ्रॉकना हुक लावायची. कॅम्प दोनमध्ये लाजवंती आंटींचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. शिवलेले फ्रॉक गाठोडं बांधून आमच्याकडे यायचे. आई तुरपाई करायची, काजं करायची, आणि मी, शोभा, नि माझी धाकटी बहीण नंदा सुटलेले दोरे कापायचो. भिंतीपलीकडे दिवसभर शिलाई मशीन चालायचं, त्याच्यावर कुणाचा तरी रेडिओ, आणि त्याच्यावर आमची नंदी. तिचं तोंड कधी बंद नसायचं. लाजवंती आंटी हिशेबाला आल्या की ही त्यांच्या सिंधी-हिंदीची इतकी हुबेहूब नक्कल करायची की आंटीच पोट धरून हसायच्या आणि म्हणायच्या, "ये छोकरी मेरे दुकान पे बैठेगी तो एक भी गिराइक खाली हाथ नहीं जाएगा."

नंदी माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण अंगापिंडानं आणखीच लहान दिसायची. खाण्यात तिचा जीव सुकटीत. तव्यावर कांदा टाकून सुकट परतली की तिला दम निघत नसे. पण सुकट उष्ण, अंडं उष्ण, वांगं उष्ण, गूळ उष्ण; आणि नंदीला उन्हाळी सारखी लागायची म्हणून तिच्या ताटात यातलं काही पडत नसे. मी आणि अण्णा तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट खायचो आणि नंदी दूध-भात. ती माझ्या हाताचा वास घेऊन भात खायची. "ताई, बोटं इकडे कर ना जरा," म्हणायची. मी करायचे. ते आठवलं की मला हसू येतं आणि त्याच्या पाठोपाठ काय येतं ते सांगायला नको.

नंदी अंथरूण ओलं करायची. हे चाळीत लपत नाही. गोधडी कुठेतरी वाळत घालावीच लागते, आणि ती गॅलरीच्या कठड्यावर पडली की येणारा-जाणारा ती वाचतो. आईला त्याची फार लाज. पहिलीतलं पोर असतं तर कुणी काही म्हणालं नसतं, पण नंदी शाळेत वरच्या वर्गात गेली तरी गोधडी कठड्यावरच. आई सकाळी तिला दंडाला धरून उठवायची. "कार्टे, परत? म्हसरू तरी गोठ्यात एक कोपरा सोडतं गो!" कधी पाठीत धपाटाही बसायचा. आई चामटोलीची, शेतातल्या घरातली. रागावली की तिची भाषा थेट गावाला जायची. मग तिनं उपाय काढला: दिवेलागणीनंतर नंदीला पाणी बंद. भांडं वरच्या फळीवर. नंदी जेवणाच्या शेवटच्या घासाला पाणी मागायची आणि आई म्हणायची, "चूळ भर नि झोप."

दिवसा उलटं. दिवसा ती जायचीच नाही. शाळेत बाई सोडत नसत आणि सोडलं तरी तिथली मोरी मुलींनी जाण्यासारखी नव्हती. घरी संडासाला रांग. मग नंदी खेळता खेळता मधेच खाली बसायची, एक टाच अंगाखाली घट्ट रोवून, ओठ आवळून, अशी थोडा वेळ गप्प बसायची आणि मग उठून पुन्हा लंगडी घालायची. आम्हाला वाटायचं हा तिचा चाळा. मैत्रिणी तिला चिडवायच्या, "नंदी अंडं उबवतेय." नंदी म्हणायची, "हो, आणि निघालं ना पिल्लू की पहिलं तुलाच टोचेल."

आणि ताप. वर्षातून कितीदा यायचा ते सांगता यायचं नाही. थंडी वाजून, हुडहुडी भरून यायचा, कमरेत दुखतं म्हणून ती कळवळायची. ताप म्हणजे डॉक्टरचा, म्हणून आई तिला उचलून कॅम्प दोनला न्यायची. डॉक्टर चांगले होते, घाईत असायचे. जीभ बघायचे, घसा बघायचे, पोट दाबायचे, गोळ्या आणि लाल औषध द्यायचे. गोळ्यांनी ताप उतरायचा आणि उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात पडायच्या, कारण बऱ्या पोराला औषध कशाला. त्याच दिवसांत उन्हाळीही लागलेली असायची. पण उन्हाळी डॉक्टरला कोण सांगतं? पुरुषमाणसापुढे मुलीच्या लघवीचं काय बोलायचं, आणि बोलायचं तरी कशासाठी, त्याचं औषध तर पातेल्यात भिजत होतं. डॉक्टरला ताप माहीत होता, आईला उन्हाळी माहीत होती. दोघं एकमेकांसमोर उभे राहायचे, मधे नंदी असायची, आणि दोन गोष्टी एका जागी कधी आल्याच नाहीत. मी पुढे शाळेत शिक्षिका झाले, आयुष्यभर पोरांना 'पूर्ण वाक्यात उत्तर द्या' म्हणून ओरडत आले. ते वेड मला कुठून लागलं असेल ते आता लक्षात येतं.

लाजवंती आंटी एका सकाळी गाठोडं घेऊन आल्या. नंदी नेहमीसारखी नक्कल करायला पुढे गेली आणि आंटी हसल्याच नाहीत. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"शोभा की माँ, इसका मुँह क्यों सूजा है?"

"नींद से उठी है ना," आई म्हणाली.

"नींद से मेरा भी सूजता है. ये वैसा नहीं. आँख देख इसकी, खुल नहीं रही."

नंदीचं डोकं आदल्या दिवसापासून दुखत होतं आणि तिला दोनदा उलटी झाली होती. आई जाग्रणाचं, पित्ताचं काहीतरी बोलत राहिली. आंटींनी गाठोडं दारातच टाकलं, आईच्या हातातली सुई काढून पिनकुशीत टोचली आणि दोघींना घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच नंदीच्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघितलं. पुन्हा बघितलं. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली.

मुंबईला आम्ही चौघं गेलो. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं, आणि नंदी माझा हात सोडत नव्हती. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, पांढऱ्या कोटाखाली सुती साडी, आवाज मऊ. त्यांनी तापाचं सगळं विचारलं, आईनं सगळं सांगितलं, इतकं व्यवस्थित की मला आईचा अभिमान वाटला. शेवटी बाईंनी विचारलं, "लघवीला कधी जळजळ होते का हिला?"

"होते की. पण ते वेगळं," आई म्हणाली. "ते उन्हाळीचं."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "ताप असतो तेव्हाच होते?"

"तेव्हा पण होते, नंतर पण होते. अंगात उष्णता आहे तिच्या. आमच्याकडे चालतंच ते, मला पण लहानपणी सारखी लागायची. धण्याचं पाणी दिलं की जाते."

"किती वर्षं चाललंय हे?"

"रांगत होती तेव्हापासून."

बाई आईकडे बघत राहिल्या. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर आईनं उलट उत्तर दिलं असतं. मग त्या म्हणाल्या, "ताप आणि उन्हाळी वेगळी नाहीत हो. एकच आहे."

दुसऱ्या दिवशी एक खास एक्स-रे काढायचा ठरला. लघवीच्या जागेतून बारीक नळी घालून मूत्राशय औषधानं भरायचं, आणि मग मुलीनं टेबलावर लघवी करायची. ती करत असतानाच फोटो घ्यायचे. तेव्हाच दिसतं, असं बाईंनी अण्णांना समजावलं. नंदी आणि आई आत गेल्या. अण्णा आणि मी बाहेर बाकावर. त्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे पाहिलं मी काहीच नाही, ऐकलं मात्र सगळं.

आधी नंदी ओरडली. मग हुंदके देत राहिली. मग आतला एक पुरुषाचा आवाज म्हणाला, "शाब्बास बेटा, हो गया. अब सूसू कर दे."

"कुठे?"

"यहीं पे. टेबल पे."

"इथे?" नंदीचा आवाज एकदम बारीक झाला. "झोपून? कपड्यांवर?"

"हो बाळा, इथेच कर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज इथेच करायची."

मग नंदी म्हणाली, "आई मारेल."

अण्णांनी माझ्या बाजूचा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला. आई तर तिथे आतच होती, नंदीच्या उशाशी. तिला काय झालं असेल ते मी आजवर कुणापाशी बोललेले नाही, कारण मला ते बोलता येत नाही. ती म्हणाली, "नाय मारणार गो. कर." पण नंदीला होईना. जी पोर रोज झोपेत गोधडी भिजवायची, तिला जागेपणी, परवानगी देऊन, एवढी माणसं विनवत असताना एक थेंब होईना. त्यांनी नळ सोडून बघितला. पोटावर कोमट पाणी ओतून बघितलं. नंदी रडत म्हणत होती, "पोट फुटेल माझं, पण येत नाहीये." मशीनवाला म्हणाला, पेशंट खोळंबलेत, नंतर बघू. बाई म्हणाल्या, नंतर नाही, नळी पुन्हा घालावी लागेल, थांबा जरा.

मग तो आवाज आला. "शूऽऽऽ." तान्ह्या पोराला आई पायांवर धरते, मान डुलत असते त्याची, आणि ती ओठ चंबू करून करते तसा. "शूऽऽऽ... माझ्या बायची शूऽऽऽ..." चाळीत हा आवाज मी शंभर बायकांच्या तोंडून ऐकला होता. आईच्या तोंडून मी आणि नंदीनंही ऐकला असणार, आठवायच्या वयाआधी. आई शिशाचा जड एप्रन गळ्यात घालून, परक्या पुरुषांसमोर, आठ वर्षांच्या मुलीसाठी ते करत होती, आणि मधे मधे तिचा श्वास फुटत होता तरी थांबत नव्हती. शेवटी पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज झाला. मशीन खटखटलं. "घे, घे, फोटो घे," कुणीतरी घाईनं म्हणालं. आणि त्या सगळ्यावर नंदीचा आवाज: "आई, झाली! आई, बघ, झाली!"

फोटो ओले असतानाच बाईंनी काचेच्या दिव्यावर लावले. अण्णांनी मला पुढे घेतलं. मला विज्ञानात चांगले मार्क पडतात, असं ते बाईंना सांगत होते, बिचारे. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. खाली मूत्राशय, पांढरं, गोल. तिथून लघवी खाली यायला हवी. वर जाणारी वाट जिथे मूत्राशयात उघडते, तिथे ती आपोआप मिटायला हवी. नंदीची जन्मापासून मिटतच नव्हती. करताना, दाबून धरताना लघवी दोन्ही बाजूंनी वर किडनीपर्यंत चढत होती, आणि जंतू असले की तेही चढत होते. प्रत्येक ताप किडनीवर एक वण ठेवून गेला होता. त्या वणांमुळेच आता ब्लडप्रेशर वाढलं होतं. डावी किडनी आक्रसून गेली होती. उजवीत थोडा जीव होता.

"बारकी असताना कळलं असतं तर?" अण्णांनी विचारलं.

"पहिल्या दुसऱ्या तापाला जरी लघवी तपासली असती ना," बाई म्हणाल्या, आणि आईचा चेहरा बघून थांबल्या. त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं. चांगुलपणानं सोडलं. पण पुढचं आई आयुष्यभर स्वतःशी बोलत राहिली. भांडी घासताना, हुक लावताना तिचे ओठ हलायचे, तेव्हा मला कळायचं की ती कुठे आहे. बाईंनी माझीही लघवी तपासून घेतली, अण्णांना भावंडांत असतं म्हणून सांगितलं. मी निर्दोष निघाले. मला का नाही आणि तिलाच का, हे मी तेव्हाही विचारलं होतं आणि डॉक्टरांनी प्रामाणिकपणे माहीत नाही म्हणून सांगितलं.

नंदीचं ऑपरेशन झालं. वाट नीट करून दिली. उरलेली किडनी जपायची, ताप आला की त्याच दिवशी लघवी तपासायची, रोज झोपताना एक लहान गोळी, पाणी भरपूर, आणि ठरलेल्या वेळी लघवीला जायचंच. आईनं हे सगळं मंत्रासारखं पाळलं. वरच्या फळीवरचं भांडं खाली आलं. अण्णांनी शाळेत जाऊन बाईंना सांगितलं. पितळी पातेलं आईनं घासून पुसून पोटमाळ्यावर टाकलं आणि पुन्हा कधी काढलं नाही.

अंथरूण मात्र लगेच थांबलं नाही. ऑपरेशननंतर घरी आल्यावरही एका सकाळी गोधडी ओली होतीच. नंदी उठून अंग चोरून बसली, सवयीनं. आईनं काही न बोलता गोधडी काढली, तिला कोरडा फ्रॉक घातला, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "सुकट करू गो तुला?" असं पुढे चालत राहिलं. आई ओरडेना, धपाटा घालेना, सुकट काय, अंडं काय, मागेल ते देऊ लागली. नंदी गप्प होत गेली. लाजवंती आंटींची नक्कल थांबली. मला वाटलं अशक्तपणा आहे. मग एका सकाळी गोधडी कठड्यावर टाकून आई मोरीत गेली असताना ती मला म्हणाली, "ताई, खरं सांग. मी मरणार आहे का?"

"काय मूर्खासारखं बोलतेस!"

"मग आई ओरडत का नाही?"

मी वळून बघितलं तर आई मोरीच्या दारात उभी. हात ओले, तोंड पांढरं. तिनं ऐकलं होतं. वाटलं आता ही बसकण मारून रडणार. आईनं पदर खोचला, दोन ढांगांत आली आणि असा आवाज काढला की पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. "कार्टे! परत भिजवलीस गोधडी? कालच धुतली होती ना ती? माझे हात काय भाड्याचे आहेत गो?" आणि नंदीच्या पाठीत एक धपाटा, आवाज मोठा, मार नाहीच. नंदी आधी दचकली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, आणि ती तोंड वेंगाडून, अगदी जुन्या नंदीसारखी म्हणाली, "बरं बरं, ओरडू नको, सगळी चाळ ऐकतेय." आई मोरीत परत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली असं मी म्हणेन. कुणी वाद घातला तर मी भांडेन. नंदी दहावी झाली, आंटींच्या भविष्यवाणीप्रमाणे त्यांच्या दुकानावर बसू लागली आणि गिऱ्हाईक खरोखरच रिकाम्या हातानं जाईना. उंची मात्र वाढली नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या वाढत गेल्या. वण वाढत नाहीत, पण वणांमधली उरलेली जागा थकत जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसंच झालं. ऐन विशीत तिला अन्नाचा वास नको झाला, पायऱ्या चढताना दम लागू लागला, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता डायलिसिस, आणि घरातलं कुणी किडनी देणार असेल तर बघा. माझं नि अण्णांचं रक्त तिच्याशी जुळलं नाही. आईचं जुळलं.

त्या दिवसांत आईसारखं सुखी माणूस मी पाहिलेलं नाही. ती चामटोलीला जाऊन मामाला सांगून आली. आंटींना पेढे दिले. स्वतःच्या खाण्याकडे जिनं जन्मात लक्ष दिलं नाही ती आता सकाळी दोन अंडी खाऊ लागली, दूध पिऊ लागली, का तर नंदीला द्यायची वस्तू धडधाकट हवी. "मीच घालवली, मीच देणार," म्हणायची. अण्णा म्हणायचे, "असं बोलू नकोस." ती म्हणायची, "का? खरंय ते. आणि आता बरोबर होणार."

नंदी त्या वर्षी दिवाळीच्या आधी गेली. तिच्या जाण्याबद्दल मी लिहिणार नाही. बुद्धवंदना झाली, चाळ सगळी आली, आंटी जमिनीवर बसून माझ्या आईपेक्षा मोठ्यानं रडल्या, एवढं पुरे. मला लिहायचीय ती त्याआधीची एक दुपार, आईच्या तपासण्यांचे निकाल आले ती. वॉर्डात नंदी खाटेवर, हाताला पट्टी. आई पायाशी. मी खिडकीला टेकून. डॉक्टर एक तरुण मनुष्य होता, बिचारा, असल्या गोष्टी सांगायची सवय न झालेला.

"मावशी, तुमची घेता येणार नाही," तो म्हणाला. "तुमचीच एक किडनी आक्रसलेली आहे. दुसरीवर तुम्ही जगताय. वण अगदी हिच्यासारखेच आहेत. लहानपणी तुम्हालाही हाच त्रास असणार."

आईला समजायला वेळ लागला. "उन्हाळी?" तिनं विचारलं.

"हो, तेच. घराण्यात येतं पुष्कळदा. आईकडून मुलीकडे."

तो गेला. मला तेव्हा समजलं की आईला धण्याच्या पाण्याची एवढी खात्री का होती. तिच्या आईनं तिला तेच पाजलं होतं आणि ती जगली होती. याहून मोठा पुरावा कुणाकडे असतो? ती नंदीला जाणूनबुजून चुकीचं काही देत नव्हती. जे पिऊन स्वतः तगली तेच देत होती. हे मी तिला त्याच क्षणी सांगायला हवं होतं असं नाही. सांगून तिला पटलं नसतं. ती नंदीच्या पायांकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच आलं गो तुला. दिलं ते पण मीच, आणि आता द्यायला काही नाही माझ्याकडे."

नंदीला बोलायला श्वास पुरत नव्हता. ती थांबून थांबून बोलली. "केस ताईला दिलेस. उंची ताईला. रंग पण ताईला. मी म्हणायचे, मी नक्की हिचीच ना?" तिनं श्वास घेतला. "आज डॉक्टरनं खात्री केली."

आई हसली. खरंच हसली, पदर तोंडात कोंबून, खांदे हलेपर्यंत, शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली तोवर. आणि मग हसता हसताच तिनं डोकं नंदीच्या मांडीवर टाकलं आणि तिचा आवाज बदलला. नंदीनं पट्टी नसलेला हात तिच्या केसांवर ठेवला. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "ताई, हिला खाली ने आणि काहीतरी खायला घाल. आता हिला एकटीलाच जगायचंय त्या एका किडनीवर."